सरकारी नोकऱ्यांची मोजदाद

महाराष्ट्रात २०२३ साली तलाठ्यांच्या ४,६४४ पदांची जाहिरात निघाली आणि दहा लाखांहून अधिक अर्ज आले. पुढील वर्षी पोलीस दलातील १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज दाखल झाले. आपल्या समाजाची ओळख व्यापार आणि शेती अशी असली, तरी या रांगेत आपल्या घरांतील मुले-मुलीही आहेत. अभ्यासिकेत उमेदीची वर्षे घालविण्यापूर्वी सरकारी नोकऱ्या मुळात आहेत किती, हे पाहणे पालकांचे काम आहे. उत्तर मात्र आपण कोणती वही उघडतो यावर ठरते. अनेकांताचा संस्कार असलेल्या वाचकांना याचे नवल वाटू नये.

पहिली वही मंजूर पदांची. राज्य शासनाची मंजूर पदे सव्वासात लाखांच्या आसपास आणि त्यांपैकी दोन लाख चाळीस हजारांच्या सुमारास रिक्त, असे आकडे अलीकडच्या काळात वारंवार प्रसिद्ध झाले आहेत. ते वाचून मुलांच्या आशा पालवतात. परंतु मंजूर कर्जमर्यादा आणि खातेदाराची प्रत्यक्ष उचल यांत जो फरक असतो, तोच येथेही आहे. वित्त विभागाची संमती आणि भरतीची जाहिरात निघेपर्यंत रिक्त पद कागदावरच राहते.

दुसरी वही प्रत्यक्ष कर्मचाऱ्यांची, आणि माझ्या मते अधिक भरवशाची. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय १ जुलै हा संदर्भ दिनांक धरून 'कर्मचारी सर्वंकष माहितीकोष' तयार करते. माहिती भरल्याचे प्रमाणपत्र वेतन देयकासोबत जोडावे लागते. पगार अडण्याची शक्यता दिसली की विवरणपत्रे वेळेवर येतात, हा कोणत्याही कार्यालयातला अनुभव!

तिसरी वही २०२५ पर्यंत १९५९ च्या सेवायोजन कायद्यान्वये ठेवली जात होती. सार्वजनिक क्षेत्रातील आस्थापनांनी दर तिमाहीस मनुष्यबळाचे विवरणपत्र सादर करावयाचे असे. केंद्र, राज्य, नगरपालिका, महामंडळे, बँका असे सर्व तिच्यात येत. या वहीनुसार देशातील सार्वजनिक क्षेत्राचा रोजगार १९९७ साली सुमारे १ कोटी ९५ लाख होता. २०१२ मध्ये तो १ कोटी ७६ लाखांवर आला.

अशी घट वाचताना तिच्या मागे काय घडले, हेही विचारावे लागते. रिझर्व्ह बँकेने २१ जानेवारी २०१९ पासून आयडीबीआय बँकेस खासगी बँक म्हणून वर्गीकृत केले. काउंटरवरील एकही कर्मचारी जागचा हलला नाही, तरी सार्वजनिक बँकांच्या तक्त्यातून ते सर्व वगळले गेले. याउलट ३१ जानेवारी २०२० रोजी भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम यांतील ९२ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी बाहेर पडले. येथे खुर्च्या खरोखरच रिकाम्या झाल्या. तक्त्यात दोन्ही गोष्टी 'घट' म्हणूनच दिसतात.

काही माणसे तर यांतील कोणत्याच वहीत धड बसत नाहीत. अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशा स्वयंसेविका यांना वेतन नव्हे, मानधन मिळते. पोषण आहारापासून लसीकरणापर्यंतची सरकारी कामे त्यांच्याविना चालत नाहीत, तरी त्या शासकीय कर्मचारी ठरत नाहीत. अंगणवाडी सेविका व मदतनिसांना उपदानाचा कायदा लागू होतो, हे सांगण्यासाठी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. कंत्राटी मनुष्यबळाचेही असेच आहे. नऊ खासगी संस्थांमार्फत ते घेण्याचा ६ सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय विरोधामुळे पुढच्याच महिन्यात मागे घ्यावा लागला. पण बाह्यस्रोतातून कामे करून घेण्याची पद्धत त्याआधीपासूनची आहे आणि ती थांबलेली नाही.

म्हणून पालकांना माझे सुचविणे असे, की रिक्त पदांच्या मथळ्यावर मुलाचे भवितव्य बेतू नये. दर मार्चमध्ये प्रसिद्ध होणारी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' काढून कर्मचारी संख्येचे गेल्या पाच वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी मांडावेत. नंतर ज्या पदासाठी तयारी चालली आहे, त्याच्या मागील जाहिरातींच्या तारखा पाहाव्यात. २०२३ पूर्वीची तलाठी भरती २०१९ ची होती. त्या वेळी एकविसाव्या वर्षी थोडक्यात हुकलेला उमेदवार पुढच्या परीक्षेला बसला, तेव्हा पंचवीस वर्षांचा झाला होता.