कोंबडीच्या खाद्याला वाफ हवी, पण किती?

वरळीतल्या चिकनच्या दुकानांत येणारी ब्रॉयलर कोंबडी रायगड, पालघर, नाशिककडच्या शेडमध्ये वाढते. तिथे सर्वाधिक खर्च होतो खाद्यावर. मका आणि सोयापेंड दळून केलेल्या मिश्रणाला पेलेटच्या यंत्रात जाण्याआधी साधारण ७५ ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंत वाफवले जाते.

वाफेने मक्यातला स्टार्च चिकट होतो, पेलेट घट्ट बसते, भुगा कमी पडतो. कोंबडीला आवडीचे कण तेवढे वेचता येत नाहीत. साल्मोनेलासारखे जिवाणूही घटतात.

तापमान किंवा वेळ वाढली की मात्र नुकसान सुरू होते. 'अ' जीवनसत्त्व घटते. धान्यातला फॉस्फरस मोकळा करणारे फायटेज हे विकर निकामी होऊ लागते. लायसिन हे अमिनो आम्ल साखरेशी बांधले जाते आणि कोंबडीला नीट मिळत नाही. खरी मेख इथेच आहे. पोत्यावरचा प्रथिनांचा आकडा तोच राहतो, कारण ती चाचणी नायट्रोजन मोजते, पचनक्षमता नाही. शेतकरी पैसे पूर्ण मोजतो, कोंबडीचे वजन भरत नाही.

म्हणूनच अनेक कारखाने उष्णता सोसणारे फायटेज वापरतात, किंवा पेलेट तयार झाल्यावर ते द्रवरूपात फवारतात.