शेपटाची फलंदाजी

मुंबईचा रणजी संघ जाहीर झाला की निर्मळच्या तळ्याकाठी जी मसलत झडते, तिच्यातील पहिला आक्षेप बहुधा हाच असतो की, एक खरा फलंदाज गाळून फलंदाजीही करणारा गोलंदाज कशासाठी घेतला. प्रश्न रास्त आहे. कारण जागा अकराच, आणि प्रतिपक्षाचे वीस गडी बाद केल्यावाचून निर्विवाद विजय नाही. यास्तव पाचवा गोलंदाज घेणे म्हणजे धावांच्या खजिन्यातून एक रक्कम वजा करणे होय, आणि ती तूट तोच गोलंदाज भरून काढील तरच हा व्यवहार किफायतीचा.

2024 साली मुंबईला तो साधला. बडोद्याविरुद्ध तनुष कोटियन व तुषार देशपांडे या दहाव्या-अकराव्या क्रमांकाच्या गड्यांनी एकाच डावात शतके ठोकली. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये असे पूर्वी एकदाच, 1946 साली ओव्हलवर, चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांच्या हातून घडले होते. पुढे उपान्त्य सामन्यात, तामिळनाडूच्या 146 धावांना उत्तर देताना 7 बाद 106 अशी दैना झाली असता, आमच्या पालघरचा शार्दूल ठाकूर नवव्या क्रमांकावर उतरला आणि 109 धावा काढून गेला. डाव 378 पर्यंत पोचला.

हा निव्वळ दैवयोग नव्हे. मात्र शेपटावर वारंवार ही वेळ आणणाऱ्या वरच्या फळीची झडती निवडसमितीने घेतलीच पाहिजे, मग त्या वर्षी विदर्भाला हरवून मुंबईने 42व्यांदा करंडक जिंकलेला का असेना.