हार्ड डिस्कची रोजनिशी

उन्हाळ्याच्या तोंडावर आजी माठ विकत घेते तेव्हा काय करते, ते तुम्ही पाहिले असेलच. ती माठ उचलते आणि त्यावर टिचकी मारते. खणखणीत आवाज आला की माठ नीट भाजलेला. बद्द आवाज आला की कुठेतरी तडा गेलेला. विकणारा कितीही शपथा घेवो, आजीचा विश्वास टिचकीवर!

आता समजा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावातल्या संगणकाच्या दुकानात एक हार्ड डिस्क निम्म्या किमतीला मिळते आहे. घरातले सारे फोटो, ताईच्या लग्नाची चित्रफीत, तुमचे शाळेचे प्रकल्प, हे सगळे तुम्हाला तिच्यात ठेवायचे आहे. डिस्क चांगली की वाईट, हे कसे ओळखाल? टिचकी मारून? छे, छे! तसे मुळीच करू नका. का करू नये, हे कळण्यासाठी त्या डबीच्या आत डोकावले पाहिजे.

आत काचेच्या किंवा ॲल्युमिनिअमच्या आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात आणि त्यांच्यावर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. १९५६ साली आय.बी.एम. कंपनीने पहिली अशी यंत्रणा बाजारात आणली, तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्या सगळ्यांवर मिळून जेमतेम ५० लाख अक्षरे मावत. आजच्या ३.५ इंची डिस्कमधील चकतीचा व्यास सुमारे ९५ मिलिमीटर असतो. पुष्कळशा डिस्कमध्ये ती मिनिटाला ७२०० फेरे घेते. कागद-पेन्सिल घ्या आणि गणित करून पाहा. चकतीची कड ताशी सुमारे १२९ किलोमीटर वेगाने धावत असते! आणि या धावत्या कडेवर लिहिणारे-वाचणारे इवलेसे हेड तरंगत असते. किती उंचीवर म्हणाल? अवघ्या काही नॅनोमीटरवर! तुमच्या डोक्यावरचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. चालू डिस्कला धक्का बसला, की हेड चकतीला घासू शकते. मग तिथले फोटो कायमचे गेलेच म्हणून समजा.

मग टिचकीऐवजी काय? गंमत अशी की, डिस्क स्वतःच आपली रोजनिशी लिहीत असते. या सोयीला ‘स्मार्ट’ असे नाव आहे. स्वतःवर नजर ठेवायची, तपासणी करायची आणि कळवायचे, असे तिचे काम. ही रोजनिशी वाचण्यासाठी फुकट मिळणारे प्रोग्रॅम आहेत. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टमोनटूल्स पुष्कळ जण वापरतात. दुकानदाराला म्हणा, “काका, जरा संगणकाला जोडून दाखवता का?” नाही म्हणाला, तर तेही एक उत्तरच झाले.

सर्वांत आधी पाहायचे ते डिस्क एकूण किती तास चालली आहे ते. वर्षात ८७६० तास असतात. तेव्हा आकडा २६,२८० दिसला, तर ही डिस्क अखंड तीन वर्षे राबलेली आहे, बरे का! राबलेली डिस्क वाईटच असते असे नाही. थंड खोलीत, न हलता, सतत चाललेली डिस्क दप्तरातून आपटत फिरलेल्या डिस्कपेक्षा मी तरी आधी उचलीन. मात्र ती ‘नवी’ म्हणून विकली जात असेल, तर गोष्ट वेगळी.

यानंतर पाचव्या क्रमांकाची नोंद पाहा. समजा, तुमच्या वहीतल्या ३७ व्या पानावर शाई सांडली. तुम्ही काय कराल? तो मजकूर शेवटच्या कोऱ्या पानावर लिहाल आणि अनुक्रमणिकेत ‘पान ३७ साठी शेवटचे पान पाहा’ अशी टीप द्याल. डिस्क हेच करते. चकतीवरचा एखादा तुकडा खराब झाला, की त्याच्याऐवजी ती राखीव तुकडा वापरू लागते आणि अशी किती पाने बदलली ते पाचव्या नोंदीत लिहिते. १९७ क्रमांकाच्या नोंदीत संशयित पानांची संख्या असते. म्हणजे वाचताना अडले, पण निकाल अजून लागलेला नाही, अशी पाने. दोन्ही ठिकाणी शून्य हवे. इथे एक सावधगिरी. क्रिस्टलडिस्कइन्फो हे कच्चे आकडे बहुधा षोडशमान पद्धतीने दाखवतो. तिथे १० दिसले तर ते आपले १६ समजायचे! आणि काही कंपन्यांच्या डिस्कवर अगदी पहिल्या ओळीत अवाढव्य आकडा असतो. त्याला भिऊ नका. ती त्यांची लिहिण्याची तऱ्हा आहे.

ही रोजनिशी कितपत खरी मानायची? २००७ साली गूगलच्या संशोधकांनी आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या डिस्कने पहिल्यांदा पान बदलले, ती पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतरांच्या १४ पटींहून अधिक निघाली. म्हणजे पाचवी नोंद शून्य नसेल, तर स्वस्तात मिळते म्हणूनही ती डिस्क घेऊ नये. पण त्याच अभ्यासात दुसरी गोष्टही दिसली. बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या चारही महत्त्वाच्या नोंदी कोऱ्या होत्या! आजारी माणसाचा ताप कळतो, पण ताप नाही म्हणून माणूस निरोगी, असे म्हणता येत नाही; तसेच हे.

शिवाय रोजनिशी खोडताही येते. २०२५ च्या जानेवारीत जर्मनीत असे प्रकरण उघडकीस आले. नव्या म्हणून विकल्या गेलेल्या सीगेटच्या काही डिस्क प्रत्यक्षात हजारो तास वापरलेल्या होत्या. मधल्या कुणीतरी तासांचा आकडा पुसून टाकला होता. मग हे कळले कसे? या डिस्क ‘फार्म’ नावाची आणखी एक नोंदवही ठेवतात. ती पुसायची राहून गेली होती, आणि खरे तास तिच्यात तसेच होते!

खोटेपणाचा आणखी एक प्रकार बाहेरून जोडायच्या स्वस्त साधनांत आढळतो. वेष्टनावर १६ टेराबाइट, संगणकावरही १६ टेराबाइट, आणि आत मात्र मोबाइलमध्ये घालतात तसले छोटे कार्ड. आतला नियंत्रकच संगणकाला खोटे सांगतो. मात्र १ टेराबाइटची डिस्क विंडोजवर ९३१ गिगाबाइट दिसली, तर भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक.

यावर उपाय म्हणजे डिस्क काठोकाठ भरून पुन्हा वाचून पाहणे. लिहिलेले तेच परत मिळते का, हे तपासणारे प्रोग्रॅमही फुकट आहेत. सेकंदाला १५० मेगाबाइट वेग धरला, तर १ टेराबाइट भरायला सुमारे १ तास ५१ मिनिटे लागतील आणि वाचायला तितकीच. आता याच वेगाने ८ टेराबाइटला किती तास, ते तुम्हीच काढा. तेव्हा रात्री डिस्क टेबलावर सपाट ठेवून काम लावा आणि झोपा. काम संपले, की पाचवी आणि १९७ वी नोंद पुन्हा उघडा. दोन्हीकडे अजून शून्यच असेल, तर फोटो तिच्यात उतरवायला हरकत नाही. फक्त जुन्या जागेवरचे इतक्यात पुसू नका.