दुपारची सावली आणि मुलांची समजूत

दुपारी बारा वाजता सूर्य कोठे असतो, असा प्रश्न इयत्ता सहावीच्या वर्गात विचारला, तर बहुतेक मुलांचे हात एकदम वर होतात आणि ‘डोक्यावर’ असे उत्तर मिळते. हे उत्तर ऐकून शिक्षकही पुष्कळदा समाधानाने पुढील प्रश्नाकडे वळतात. परंतु चांदवड तालुक्यापुरते बोलावयाचे, तर हे उत्तर वर्षातून केवळ दोनच दिवशी खरे ठरते, आणि त्या दिवशीही सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा वाजलेले नसतात. मूल रोज ज्या अंगणात खेळते, त्या अंगणातील सावली एक सांगत असते आणि मुलाच्या तोंडचे उत्तर दुसरेच. असे का घडते, आणि त्यावर उपाय कोणता, याचा विचार गेल्या पन्नास वर्षांत विज्ञानशिक्षणाच्या संशोधकांनी फार बारकाईने केलेला आहे. त्या संशोधनाचा उपयोग दोन शिक्षकी शाळेतही होण्यासारखा आहे.

मुलाचे मन कोरी पाटी नव्हे

या संशोधनाचा पहिला निष्कर्ष असा की, मूल शाळेत येते ते रिकामे मन घेऊन येत नाही. सूर्य, सावली, पाऊस, बी आणि रोप यांविषयी स्वतःच्या समजुती त्याने आधीच बांधलेल्या असतात. शिक्षकाने सांगितलेली व्याख्या या समजुतीच्या शेजारी जाऊन बसते. तिची जागा घेत नाही. परीक्षेत व्याख्या उपयोगी पडते, व्यवहारात समजूत.

ही गोष्ट केवळ लहान मुलांपुरती आहे, असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात विद्यार्थी, माजी विद्यार्थी व प्राध्यापक अशा २३ जणांना ऋतू का होतात, यांसारखे साधे प्रश्न विचारण्यात आले. १९८७ मध्ये निघालेल्या एका शैक्षणिक चित्रपटात ही उत्तरे नोंदलेली आहेत. त्यांतील २१ जणांना बरोबर उत्तर देता आले नाही. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते, हीच समजूत अनेकांनी आत्मविश्वासाने सांगितली. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी, म्हणजे निफाडच्या थंडीच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येत असतात त्या दिवसांत. त्या वेळी हे अंतर सुमारे १४ कोटी ७१ लक्ष किलोमीटर असते, आणि जुलैच्या आरंभी ते १५ कोटी २१ लक्ष किलोमीटर होते.

त्याच विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनाही १९९० च्या सुमारास असाच अनुभव आला. अवघड गणिते सोडविणारे त्यांचे विद्यार्थी बल व गती यांवरील साध्या भाषेतील प्रश्नांत अडखळले. उत्तरे वर्गात शिकविल्याप्रमाणे द्यावयाची की एरव्ही विचार करतो त्याप्रमाणे, अशी पृच्छाही एका विद्यार्थिनीने केली. शाळेतील ज्ञान आणि मनातील समजूत यांची फारकत इतकी खोल असू शकते, हे या एका पृच्छेवरून ध्यानात यावे.

महाराष्ट्रातील प्रयत्न

महाराष्ट्रात या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने केला. मुंबईत १९७४ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राने आरंभीच्या वर्षांतच जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांच्या शिक्षकांसमवेत काम केले. केंद्राचे पहिले प्रमुख वि. गो. कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनी पुढे पाठ्यपुस्तकांच्या भाषेचा प्रश्न हाती घेतला. पुस्तकातील मराठी सोपी केली असता मुलांचे विज्ञानातील आकलन सुधारते, असे त्यांना आढळून आले. ‘विज्ञान जड जाते’ अशी ज्या मुलाविषयी तक्रार असते, त्याला पुष्कळदा विज्ञान नव्हे, तर पुस्तकाची वाक्ये जड जात असतात, हा त्याचा इत्यर्थ होय.

याच केंद्रातील शमिन पाडळकर व जयश्री रामदास यांनी प्राथमिक खगोलविज्ञानाच्या अध्यापनाचा अभ्यास केला. पृथ्वीचे परिवलन, चंद्राच्या कला हे विषय शब्दांनी सांगून भागत नाही. प्रतिकृती हाताळणे, हातांच्या व शरीराच्या हालचालींनी ती गती करून पाहणे आणि आकृती काढणे, या तिन्हींची जोड द्यावी लागते, अशी त्यांच्या कामाची दिशा आहे. ही साधने खेड्यातील शाळेत उपलब्ध नाहीत असे कोण म्हणेल?

अंगणातील प्रयोगशाळा

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळावे. एक मीटर लांबीची सरळ काठी शाळेच्या अंगणातील सपाट जागी रोवावी. ती उभी आहे की नाही हे गवंड्याच्या ओळंब्याने पाहावे. दुपारी बारापासून एक वाजेपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. सर्वांत आखूड सावली पडते तो खरा मध्यान्ह, आणि त्या सावलीची रेषा हीच दक्षिणोत्तर रेषा होय. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. चांदवड सुमारे ७४.२५ अंशांवर आहे. एका अंशास ४ मिनिटे या हिशेबाने येथील मध्यान्ह सरासरी ३३ मिनिटे उशिरा होतो. वर्षभरात तो सव्वाबारा ते पाऊण या वेळांच्या दरम्यान मागे-पुढे सरकतो.

चांदवडचा अक्षांश सुमारे २०.३ अंश उत्तर आहे. त्यावरून एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली किती पडावी, हे सांगता येते. २१ मार्च व २३ सप्टेंबर या सुमारास ती उत्तरेकडे ३७ सेंटिमीटर पडते. २२ डिसेंबरला उत्तरेकडेच, पण ९५ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ काठीएवढी असते. २१ जूनला ती अवघी ५ सेंटिमीटर असते आणि आश्चर्य असे की, ती दक्षिणेकडे पडते! मेच्या २२ तारखेच्या सुमारास व पुन्हा जुलैच्या २१ तारखेच्या सुमारास मध्यान्ही सावली काठीच्या बुडाशी नाहीशी होते. जुलैतील दिवस बहुधा ढगांत जातो आणि मेमध्ये शाळेला सुटी असते. म्हणून मेमधील निरीक्षण मुलांनी घरच्या अंगणात करावे, असे सुटीपूर्वीच सांगून ठेवावे.

सूर्य नेमका पूर्वेस उगवतो, या समजुतीचीही परीक्षा अशीच घेता येते. या तालुक्यात सातमाळा रांगेच्या शिखरांसारख्या ठळक खुणा क्षितिजावर आहेत. एकाच ठिकाणी उभे राहून महिन्यातून एकदा सूर्योदयाची जागा डोंगरांच्या रेखाचित्रावर नोंदवावी. जून ते डिसेंबर या काळात ती सुमारे ५० अंश दक्षिणेकडे सरकते. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश रुंद दिसते. त्या मापाने हे अंतर पाच मुठींचे झाले.

एवढ्या नोंदी हाती आल्या की ऋतूंचे कारण उलगडणे सोपे जाते. विजेरीचा झोत पाटीवर सरळ टाकला तर लहान व लख्ख वर्तुळ दिसते. तिरपा टाकला तर तोच प्रकाश अधिक जागेवर पसरून मंद होतो. डिसेंबरात किरण तिरपे येतात आणि दिवसही सुमारे ११ तासांचाच असतो; जूनमध्ये तो १३ तासांहून मोठा असतो. कारण पृथ्वीच्या आसाचा कल, सूर्यापासूनचे अंतर नव्हे. कडक उन्हाळा मात्र जूनऐवजी एप्रिल-मेमध्ये का, असे एखादे चाणाक्ष मूल विचारील. पावसाळी ढग हे त्याचे उत्तर त्यालाच शोधू द्यावे.

आधी अंदाज, मग अवलोकन

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. नुसता प्रयोग दाखविल्याने समजूत बदलत नाही. मूल आपल्या समजुतीला जुळेल तेवढेच पाहते. म्हणून खूण करण्यापूर्वी प्रत्येक मुलाने सावली कोठे व किती पडेल याचा अंदाज पाटीवर लिहावा, शेजाऱ्याशी त्याविषयी चर्चा करावी, नंतर प्रत्यक्ष पाहावे आणि अंदाज चुकला असल्यास कारण शोधावे. माझूर यांनी आपल्या वर्गात अशाच चर्चेचा अवलंब केला. महाविद्यालयीन विज्ञान, अभियांत्रिकी व गणित यांच्या अध्यापनावरील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ व्याख्याने ऐकणाऱ्या वर्गांत सुमारे ३४ टक्के विद्यार्थी अनुत्तीर्ण झाले, तर विद्यार्थ्यांना कृतिशील ठेवणाऱ्या वर्गांत २२ टक्के, असे त्यात दिसून आले.

दुसरी गोष्ट मौनाची. मेरी बड रो या संशोधिकेने दाखवून दिले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. ही वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढविताच मुलांची उत्तरे लांब व विचारपूर्ण होतात आणि एरव्ही गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. या उपायास ना अनुदान लागते, ना साहित्य.

दोन शिक्षकांवर चार-पाच इयत्ता, नोंदवह्या व अहवाल यांचा भार असताना हे सर्व कसे साधावे, ही शंका रास्त आहे. परंतु जागा व वेळ एकदा ठरली की सावलीची नोंद महिन्यातून एक दिवस, खेळाच्या सुटीत होऊ शकते. सर्व इयत्तांची मुले तीत सहभागी होऊ शकतात. मोठ्यांनी मोजावे, लहानांनी खुणा कराव्यात. चुकलेल्या अंदाजाबद्दल कोणालाही हसू नये, एवढी शिस्त मात्र शिक्षकाने पहिल्या दिवसापासून लावावी.

चांदवडमध्ये विज्ञान व अभियांत्रिकी यांच्या उच्च शिक्षणाची सोय आहे, आणि वाडीवस्तीवरील कांदा उत्पादकांची मुले त्या दारापर्यंत पोहोचतात. तेथे पाठांतराची शिदोरी लवकर संपते. पुढे न समजणाऱ्या विषयाचे खापर मूल स्वतःच्या बुद्धीवर फोडते आणि विज्ञानाची वाट कायमची सोडते. वास्तविक चूक त्याच्या बुद्धीची नसते. आपली समजूत तपासून पाहण्याची संधी त्याला वेळेवर मिळालेली नसते. ती संधी प्राथमिक शाळेच्या अंगणात, एका काठीच्या सावलीत देता येते. येत्या महिन्याच्या २१ तारखेस मध्यान्ही ती काठी रोवली जावी.