फार्मर आयडीचा ओटीपी सांगताय? आधी समजून घ्या, त्याने कोणतं कुलूप उघडतं

जळगाव/धुळे : रावेरचा केळी उत्पादक असो की शिंदखेड्याचा कापूस उत्पादक, कृषी योजनेचा अर्ज करायला गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘फार्मर आयडी काढला का?’ राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी हा ११ अंकी क्रमांक बंधनकारक झाला. तो काढताना मोबाइलवर ओटीपी येतो. अनेक जण मेसेज न वाचताच तो सांगून मोकळे होतात. पण या सहा आकड्यांनी होतं काय?

माहिती एका जागी नसते

आधारची माहिती यूआयडीएआयकडे असते, तर सातबारा महसूल विभागाकडे. ॲग्रिस्टॅकमध्ये शेतकरी, गावांचे नकाशे आणि पेरलेली पिकं अशा तीन मूळ नोंदी आहेत. फार्मर आयडीमुळे शेतकऱ्याची ओळख त्याच्या जमिनीच्या नोंदीशी जोडली जाते.

ओळख वेगळी, परवानगी वेगळी

गोदामाचं उदाहरण घ्या. गेटवरचा माणूस ओळख तपासून चिठ्ठी देतो. आतला माणूस चिठ्ठीवर लिहिलंय तेवढाच माल काढतो. डेटाबेस म्हणजे हे गोदाम आणि प्रवेश तपासणारी यंत्रणा म्हणजे गेट. चांगल्या यंत्रणेत ही चिठ्ठी थोड्या वेळात बाद होते आणि कोण कधी आत गेलं, याची नोंद राहते.

आधारचंही असंच आहे. साध्या पडताळणीत उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ येतं. ई-केवायसीत मात्र तुमच्या संमतीने नाव, पत्ता, फोटो पुढे जातो. ओटीपी सांगणं म्हणजे अनेकदा हीच संमती देणं.

सुरुवात खान्देशातूनच

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. १९९८ पर्यंत हा भाग धुळे जिल्ह्यातच होता. तेव्हा तो फक्त ओळखीचा क्रमांक होता. आज त्याच ओळखीवर अनुदानाचं दार उघडतं.

अडतं कुठे?

आधारवर एक नाव आणि सातबाऱ्यावर थोडं वेगळं असेल, तर जुळणीत अडचण येते. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडला असेल, तर ओटीपीच येत नाही. जमीन आपली, नाव आपलं, तरी गेट उघडत नाही.

हे लक्षात ठेवा

• ओटीपी सांगण्याआधी मेसेज पूर्ण वाचा. तो कशासाठी आलाय, ते विचारा.
• फोनवर कुणालाही ओटीपी देऊ नका, समोरचा स्वतःला अधिकारी म्हणवत असला तरी.
• जुना नंबर बदलला असेल, तर आधार केंद्रावर जाऊन नवा जोडून घ्या.
• नावात किंवा गट क्रमांकात तफावत दिसली, तर ग्राम महसूल अधिकाऱ्यांना (पूर्वीचे तलाठी) भेटा.
• ‘माय आधार’ पोर्टलवर आपलं आधार कुठे वापरलं गेलं, हे पाहता येतं. तिथेच बोटांचे ठसे लॉकही करता येतात. मात्र ठसा द्यायची वेळ आली, की आधी लॉक काढावं लागतं.

शेताच्या विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची किल्ली आपण कुणाच्याही हातात देत नाही. ओटीपीही तसाच जपा.