पेटीतला रानपिंगळा आणि सातपुड्यातला

आमच्या धनज गावात घरामागच्या लिंबावर पिंगळा दिसतो, तो साधा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळपास बिनठिपक्यांचं, चोच आणि पंजे दणकट, पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले. तो भरदिवसा सागाच्या फांदीवर बसून शिकार शोधतो. घुबड असून!

जगाला तो कळला १८७२ मध्ये ब्लेविट नावाच्या संग्राहकाने मिळवलेल्या नमुन्यामुळे. पुढच्याच वर्षी पक्षीतज्ज्ञ ह्यूमने त्याचं वर्णन केलं आणि शास्त्रीय नावात ब्लेविट राहिला. त्या काळी पक्षी अभ्यासायचा म्हणजे गोळी घालायची, कातडीत कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची. खानदेशातून डेव्हिडसन या संग्राहकानेही असेच नमुने जमवले. मग हा पक्षी शंभरावर वर्षं कोणाला दिसलाच नाही.

मधल्या काळातला एकच नमुना होता, माइनर्ट्झहागेन या पक्षीसंग्राहकाच्या संग्रहातला, चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातमधलं ठिकाण. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो तपासल्यावर कळलं की तो डेव्हिडसनचाच नमुना, चोरून पुन्हा भरलेला! खोट्या चिठ्ठीमुळे शोध भलत्या जागी चालला होता, याचा मला आजही राग येतो. रासमुसेन यांनी जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी जिवंत रानपिंगळा सापडला.

नंतर तो आपल्या मेळघाटातही आढळला. जाल तेव्हा दुर्बीण आणि वही घ्या. जागा, वेळ, झाड लिहा, आणि घरट्यापासून लांब राहा.