लेझरनंतरचे पंधरा दिवस

मे महिन्यातल्या एका दुपारी एक आई आपल्या मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. मुलीने चेहऱ्यावरची ओढणी बाजूला केली, तेव्हा दोन्ही गालांवर काळपट चट्टे दिसले. मुरमांचे खड्डे बुजावेत म्हणून दीड महिन्यापूर्वी मोठ्या शहरात जाऊन तिने लेझर करून घेतले होते. लग्न तीन आठवड्यांवर आले होते.

“पहिले पंधरा दिवस चेहरा छान होता हो डॉक्टर!” आई म्हणाली.

चौकशी केल्यावर उलगडा झाला. पाचव्या दिवशी खाज सुटली म्हणून मुलीने खपल्या नखाने काढल्या. शेजारणीने सांगितले म्हणून डाळीचे पीठ, हळद आणि लिंबू लावले. त्यानंतर भर उन्हात स्कूटरवरून पत्रिका वाटल्या.

लेझर असो वा रासायनिक पील, त्वचेचा वरचा थर मुद्दाम काढला जातो. म्हणजे ती एक जखमच असते. आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेतील रंगपेशी फार जागरूक असतात. जखमेला ऊन, घर्षण किंवा जळजळ सोसावी लागली की त्या जास्त रंगद्रव्य तयार करतात. डाग बहुधा तीन-चार आठवड्यांनी उमटतात, म्हणून सुरुवातीला सारे ठीक वाटते.

वाचकहो, मग काळजी कशी घ्यावी?

पहिला आठवडा : हात स्वच्छ धुऊन, उकळून गार केलेल्या पाण्याने चेहरा दिवसातून दोनदा हलकेच धुवावा. मऊ सुती कापडाने टिपावा, पुसू नये. डॉक्टरांनी दिलेले मलम किंवा साधी पेट्रोलियम जेली पातळ लावावी. त्वचा कोरडी पडू देऊ नये. खपल्या आपोआप गळू द्याव्यात. पुरुषांनी त्वचा भरेपर्यंत दाढी करू नये. उन्हात जाणे टाळावे.

त्यानंतर : नवी त्वचा आली की एस.पी.एफ. ३० किंवा अधिक असलेले सनस्क्रीन रोज लावावे आणि बाहेर असताना दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. ढगाळ दिवशीही ते चुकवू नये. जोडीला छत्री हवीच. नुसता स्कार्फ पुरत नाही. ब्लीच, फेशियल, वाफ, स्क्रब आणि घरगुती लेप डॉक्टर परवानगी देईपर्यंत बंद.

थोडी लाली, सूज आणि आग होणे अपेक्षित आहे. पण वेदना वाढत गेल्या, पू आला, ताप भरला किंवा बारीक फोडांचे पुंजके उठले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ज्यांच्या ओठांवर वरचेवर फोड येतात, त्यांनी हे उपचारापूर्वीच सांगावे. त्यांना आधीपासून औषध द्यावे लागते.

आणखी एक. डाग पडले म्हणून औषधाच्या दुकानातून गोरेपणाचे मलम आणू नका. अशा काही मलमांत स्टेरॉइड असते. त्याने त्वचा पातळ होते, मुरमे उठतात, लव वाढते. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली, ती याचसाठी.

त्या मुलीला मी खरे तेच सांगितले. डाग जातील, पण महिने लागतील. लग्नापर्यंत जाणार नाहीत. आई गप्प झाली. मग हळूच म्हणाली, “आणि हळद?” मी म्हटले, “हाता-पायाला लावा, चेहरा सोडा. शास्त्र तेवढ्याने मोडत नाही.”

मुलगी पहिल्यांदाच हसली. दिवाळीनंतर ती जावयांना घेऊन भेटायला आली, तेव्हा डाग बरेच फिकट झाले होते. तरीही सांगतो, लग्नासाठी असे उपचार करायचेच असतील तर निदान सहा महिने आधी करा. पत्रिका छापल्यावर नव्हे!